भांड्यावरचे नाव, मोटरीवरचा नंबर आणि टेबलावरचे लेसर यंत्र

वाचकहो, जुन्या गाड्यांच्या नंबरप्लेट बदलण्याचा हुकूम निघाला आणि लेसर हा शब्द गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांच्याही तोंडी आला. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना महाराष्ट्रात नवी सुरक्षा पाटी सक्तीची झाली. ट्रॅक्टर आणि दुचाकीला ४५० रुपये, वर जीएसटी, आणि मुदतीवर मुदत. या गोंधळात पाटी नीट निरखून पाहिली कोणी? तिच्या डाव्या बाजूला खाली एक बारीक दहा आकडी क्रमांक आहे. तो लेसरने उमटवलेला आहे. त्यात शाई नाही की रंग नाही, आणि तो पुसायचा म्हटला तर पाटीच खरवडावी लागते.

असाच क्रमांक, नाव किंवा चित्र धातूवर उमटवणारे यंत्र आता शिलाई मशीनच्या टेबलावर मावेल एवढे लहान झाले आहे. त्याला फायबर लेसर म्हणतात. मेहकर-मालेगाव रस्त्यावरच्या आपल्या डोणगावसारख्या मोठ्या गावात असे यंत्र कोणी घ्यावे का, घेतले तर त्यावर पोट भरेल का, आणि शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, याचा हिशोब आज मांडू.

आधी यंत्र समजून घ्या. ग्रामपंचायतीत इंटरनेटसाठी जी काचेच्या तंतूची केबल आली, तशाच केसासारख्या काचतंतूत यटर्बियम नावाच्या मूलद्रव्याचा अंश मिसळलेला असतो. त्यात प्रकाश खेळवून जोरदार किरण तयार करतात. दोन छोटे आरसे तो किरण इकडून तिकडे झपाट्याने फिरवतात, आणि खालच्या भिंगातून तो सुईच्या टोकाएवढ्या जागी पडतो. तिथला धातू क्षणात तापून उडतो किंवा काळा पडतो. छिन्नी नाही, हातोडी नाही, यंत्र भांड्याला शिवतसुद्धा नाही.

पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी चालवून दाखवला. पुढे चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर शोधला तो चंद्रकुमार पटेल यांनी. हे पटेल जन्माने बारामतीचे, आणि पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचे १९५८ चे पदवीधर. लाकूड, ॲक्रिलिक, कापड कापणारी जी लेसर यंत्रे शहरात दिसतात ती बहुतेक त्यांच्याच जातीची. पण उघड्या धातूवर तो किरण परतून जातो, काम होत नाही. धातूसाठी फायबरच लागतो. हे सांगायचे कारण असे की दोन्ही यंत्रे 'लेसर' म्हणूनच विकली जातात. स्वस्तात मिळाले म्हणून कोणी वायूचे यंत्र उचलून आणले आणि स्टीलच्या डब्यावर नाव घालायला बसला, तर डोक्याला हात लावायची पाळी येईल.

आता धंदा. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यावर नाव घालायची रीत जुनी. आहेराचा गंज असो की आंदणाची कळशी, त्यावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख पाहिजेच. नाहीतर पंगतीतून भांडे परत घरी आलेच म्हणून समजा! पूर्वी कारागीर छिन्नीने ठिपका ठिपका ठोकत नाव घाली. मग विजेची गुणगुणणारी पेन आली आणि भांड्याच्या दुकानातला पोरगाच नाव घालू लागला. अक्षर मात्र बिघडले. लेसर यंत्र काही सेकंदांत छापील वळणाचे नाव घालते, वर गणपतीही काढून देते. स्टीलवर काम उत्तम. पितळ, तांबे चकाकणारे असल्याने किरण परावर्तित होतो, तिथे जास्त शक्ती आणि जास्त वेळ लागतो. २० वॅटचे यंत्र नावापुरते पुरते. खोल कोरायचे तर ३० किंवा ५० वॅटचे बघावे लागते.

अडचणी मात्र विकणारा सांगत नाही. भिंगाखालची जागा साधारण ११ सेंटिमीटर चौरस असते, आणि किरण एका ठरावीक उंचीवरच नेमका पडतो. ताट, डब्याचे झाकण सोपे. गोल लोट्याला फिरवणारी जोडणी वेगळी घ्यावी लागते. मोठी कळशी तर यंत्राखाली जातच नाही. तिच्यासाठी हातात धरायच्या मुंडीचे यंत्र पाहिजे. दुसरी गोष्ट देवनागरीची. यंत्रासोबत येणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये आपली जोडाक्षरे तुटतात आणि 'ज्ञानेश्वर'चे तुकडे होऊन ताटावर उमटतात. लेसरने उमटलेले खोडता येत नाही, ताट वाया. त्यामुळे नाव आधी दुसरीकडे तयार करून, अक्षरांची चित्ररेषा करून मगच यंत्रात घालावे. घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर स्वतःचे नाव जोडाक्षरासह काढून पाहा, मगच पैशाचे बोला.

पैशाचे बोलायचे तर हे यंत्र ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त आणि शिलाई मशीनपेक्षा कितीतरी महाग. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात लोहार आहे, सोनार आहे, कुलूप करणारा आहे. तांबट असे वेगळे नाव मात्र यादीत नाही. अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. कर्ज पहिल्या टप्प्यात १ लाख, ते फेडल्यावर दुसऱ्यात २ लाख, व्याज ५ टक्के. सरपंच मंडळींनी लक्षात ठेवावे की अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत पातळीवरच होते. तिथे अर्ज पडून राहिला तर पुढे कोणी विचारत नाही. या यादीत न बसणाऱ्या तरुणाला जिल्हा उद्योग केंद्रामार्फत मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा रस्ता आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान, बाकीचे बहुतांश बँकेचे कर्ज.

अनुदान ऐकून हुरळू नका. २ लाख कर्ज, ५ टक्के व्याज, ३० महिने, असा हिशोब केला तर महिन्याचा हप्ता ७,१०० रुपयांच्या आसपास येतो. महिन्यात २५ दिवस दुकान उघडे धरले तर रोज २८४ रुपये नुसत्या हप्त्याचे. भांड्यामागे २० रुपये मिळाले असे समजा, तरी रोज पंधरा भांडी झाल्याशिवाय घरात दमडी येत नाही. लग्नसराईत पंधरा काय, पन्नासही होतील. पण आषाढ ते आश्विन काय करणार? सोयाबीन घरात येईपर्यंत गावात पैसा फिरत नाही हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. म्हणून केवळ भांड्यावर भिस्त ठेवून हे यंत्र घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. शाळेच्या ढाली, देवळातल्या देणगीदारांच्या पाट्या, वर्कशॉपची पाटी, किल्लीचे छल्ले अशी बारमाही कामे जोडता आली तरच.

यातले खरे बारमाही काम शेतकऱ्याचे आहे, आणि तिकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. विहिरीवरची मोटर चोरीला गेली की आपण पोलीस ठाण्यात जातो. साहेब विचारतात, मोटरीचा नंबर काय? बिल सापडत नाही. नंबरची पत्री पाटी तर दोन रिबिटांवर बसवलेली. चोर पहिल्यांदा तीच उचकटतो. पुढे नशिबाने चोर सापडला आणि दहा मोटरी एका जागी मिळाल्या, तर त्यातली आपली कोणती? सगळ्या सारख्या. जप्त माल मालकाच्या ताब्यात द्यायचा हुकूम न्यायालय देते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ मध्ये ती सोय आहे. पण माल आपलाच आहे हे दाखवायला काहीतरी खूण पाहिजे ना राजेहो! "माही मोटर मले ओळखू येते" एवढ्याने भागत नाही.

पाणबुडी मोटरीचे अंग स्टीलचे असते, त्यावर लेसरची खूण सुरेख बसते. बिडाच्या मोटरीवर आधी रंग खरवडून जागा साफ करावी लागते. गावाचे नाव, गट नंबर आणि मालकाच्या नावाची अद्याक्षरे एवढे पुरे. आधार क्रमांक किंवा फोन नंबर कोरू नका, तो भलत्याच्या हाती जायचा. खूण दोन जागी करा: एक समोर दिसणारी, दुसरी आतल्या बाजूला, मोटर खोलल्याशिवाय न दिसणारी. समोरची खूण चोराने ग्राइंडरने घासली तरी दुसरी राहते, आणि घासलेली जागा स्वतःच शंका उभी करते. मग त्या खुणेचा फोटो, बिल आणि कंपनीचा नंबर एकत्र ठेवा.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. लेसरची साधी खूण केसाच्या जाडीएवढीही खोल नसते. मोटर फोडून आतली तांब्याची तार भंगारात गेली तर बाहेरच्या नावाला काय अर्थ? केबलच्या तारेची चोरी तर यात येतच नाही. म्हणजे ही खूण चोरी थांबवत नाही. चोरीची मोटर अख्खी विकणे अवघड करते आणि सापडलेली परत मिळणे सोपे करते.

ग्रामसेवक आणि सरपंचांसाठी एक गोष्ट. पंचायतीच्या मोटरी, खुर्च्या, पंखे, पथदिव्यांचे साहित्य नमुना १६ च्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत लिहिलेले असते. वस्तूवर मात्र ऑइलपेंटने 'ग्रा. पं.' एवढेच, तेही दोन पावसाळ्यांत उडालेले. नोंदवहीतला अनुक्रमांकच वस्तूवर कोरला तर तपासणीच्या वेळी वही आणि वस्तू समोरासमोर उभ्या राहतील. काहींना ते आवडणार नाही, हा भाग वेगळा.

जो यंत्र चालवेल त्याने जिवाची काळजी घ्यावी. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, आणि भांड्यावरून उसळून डोळ्यांत गेला तर क्षणात नजर जाऊ शकते. साधा काळा गॉगल चालत नाही. १०६४ नॅनोमीटर असे लिहिलेला चष्माच पाहिजे, आणि तो शेजारी उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकालाही पाहिजे. लग्नघरची लहान पोरे ठिणग्या बघायला गोळा होतात, त्यांना आधी बाहेर काढा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर ताप आणतो, म्हणून धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा लावा. आणि कोणी पीव्हीसी पाइपवर नाव घालून मागितले तर सरळ नाही म्हणा. त्यातून निघणारा आम्लाचा वायू माणसाची छाती आणि यंत्र दोन्ही खातो. वीज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर आणि यूपीएसशिवाय यंत्र लावू नये.

दुसरा धोका कायद्याचा आहे. ज्या यंत्राने खूण करता येते त्याच यंत्राने खोटी खूणही करता येते. कोणी चेसिस नंबर बदलून मागेल, कोणी साध्या पार्टवर नामांकित कंपनीचे नाव, कोणी आयएसआयचा शिक्का. बीआयएस कायदा २०१६ प्रमाणे खोट्या मानक चिन्हाला कैदेचीही शिक्षा आहे. सोन्याचेही तसेच. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी लागतो, आणि तो बीआयएसने मान्यता दिलेल्या केंद्रातच लेसरने उमटतो. सोनाराने दुकानात घालायचा नाही. आपले खामगाव चांदीसाठी नावाजलेले. चांदीलाही १ सप्टेंबर २०२५ पासून असा क्रमांक सुरू झाला, पण तो ऐच्छिक आहे. दागिना घेताना हा क्रमांक मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा. सोनाराचे नाव, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळली नाही तर पैसे देऊ नका.

यंत्र घेणाऱ्याने एक वही जरूर ठेवावी. कोणाची कोणती वस्तू, त्यावर काय कोरले, कोणत्या तारखेला, आणि आणणाऱ्याची सही. मोटर असेल तर बिल पाहिल्याशिवाय खूण करू नये. उद्या कोणी दुसऱ्याच्या मोटरीवर स्वतःचे नाव घालून नेले, तर ठाण्यात पहिली चौकशी कोरणाऱ्याची होणार, आणि त्या दिवशी ही वहीच त्याच्या कामी येईल.