विद्यार्थ्यांची झोंप व शरीराची स्थूलता

विद्यार्थ्याच्या अंगीं असावयाचीं पांच लक्षणें सांगणारें एक संस्कृत सुभाषित आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पाठ म्हणविलें जातें. त्यांत ‘श्वाननिद्रा’ हें एक लक्षण आहे. विद्यार्थ्यानें थोडें निजावें, असा त्याचा अर्थ आपण पुष्कळदां करितों. परंतु श्वान सावध निजतो, थोडा निजत नाहीं. दिवसारात्रींचा हिशेब केला तर तो मनुष्यापेक्षां अधिकच निजतो. सावधपणाचा उपदेश आपण जागरणाचा करून ठेविला, आणि त्याचें फळ आपलीं मुलें भोगीत आहेत.

हें फळ केवळ वर्गांतील जांभया नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें १९९० सालीं जगांतील ५ ते १९ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा २ लठ्ठ होतीं. २०२२ सालीं तें प्रमाण शेंकडा ८ झालें. याचें कारण विचारतांच आपण खाण्याकडे बोट दाखवितों. तें चूक नाहीं, पण अपुरें आहे. झोंपाळू मूल लठ्ठ होतें, ही समजूत तर बहुतेक घरांत आहे. वस्तुस्थिति मात्र बऱ्याच अंशीं उलट आहे.

जपानांतील तोयामा प्रांतांत ६-७ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. झोंपेचे तास जों जों कमी, तों तों लठ्ठपणाचें प्रमाण अधिक, असें तींत आढळलें. याचें कारण शरीराच्या रचनेंत आहे. चरबींतून ‘लेप्टिन’ नांवाचें संप्रेरक निघतें. तें मेंदूस ‘पुरे’ असें सांगतें. जठरांतून ‘घ्रेलिन’ निघतें. तें ‘आणखी हवें’ म्हणतें. शिकागो विद्यापीठांत २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत १२ निरोगी तरुणांस दोन रात्री केवळ चार चार तास निजूं दिलें. दहा तासांच्या झोंपेशीं तुलना करितां त्यांचें लेप्टिन शेंकडा १८ नें उतरलें, घ्रेलिन शेंकडा २८ नें वाढलें, व भूकही वाढली. विशेषतः गोड, खारट व पिठूळ पदार्थांची.

हा झाला प्रौढांचा प्रयोग. पुढें अमेरिकेंत ८ ते ११ वर्षांच्या ३७ मुलांवर असाच प्रयोग झाला. तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच मुलांस एक आठवडा अधिक व एक आठवडा कमी निजविलें. अधिक झोंपेच्या आठवड्यांत त्यांनीं दररोज सुमारें १३४ उष्मांक कमी खाल्ले, आणि त्यांचें वजनही सुमारें २२० ग्रॅम कमी भरलें. कोणीं त्यांना पथ्य सांगितलें नव्हतें. रोज तूप लावलेल्या एका पोळीइतका हा फरक, वर्षभर टिकला तर लहान म्हणतां येणार नाहीं.

झोंप हेंच एकमेव कारण आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आहार, खेळ व आनुवंशिकता यांचा वांटा मोठा आहे. शिवाय लठ्ठ मुलाचा श्वास झोंपेंत अडतो, तें घोरतें, व त्याची झोंप मोडते. म्हणजे एक दोष दुसऱ्यास पोसतो. नित्य घोरणाऱ्या मुलास वैद्यास दाखवावें, हंसण्यावारीं नेऊं नये.

आतां आपल्या घरांकडे पाहूं. सायंकाळीं शिकवणी, मग गृहपाठ, साडेनऊ-दहाला जेवण, त्यानंतर हातांत मोबाईल. अकरा-साडेअकरा सहज वाजतात. सात वाजतां शाळा म्हणून पहांटे साडेपांचला हाक. झोंप झाली सहा तासांची. वैद्यांच्या मतें ६ ते १२ वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास, व १३ ते १८ वर्षांच्या मुलास ८ ते १० तास झोंप हवी. आपण मुलाच्या ताटांतील अर्धी भाकरी काढून घेणार नाहीं. पण त्याची तितकीच झोंप काढून घेतों, आणि मग त्याला खादाड म्हणतों.

शाळाही निर्दोष नाहींत. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ वाजतां वा त्यानंतर भरविण्याचा आदेश काढिला, तो आम्हांस योग्य वाटतो. परंतु पांचवीपासून पुढच्या मुलांस त्याचा लाभ नाहीं. आणि वाढत्या वयांत तर शरीराचें घड्याळच पुढें सरकतें, रात्रीं झोंप उशिरां येते. तो आळस नव्हे, वयाचा धर्म आहे. कॅलिफोर्नियांत २०२२ पासून बहुतेक हायस्कुलें साडेआठपूर्वीं भरवूं नयेत असा कायदा अमलांत आला आहे. मात्र शाळा उशिरां भरते म्हणून मूल तितकेंच उशिरां निजूं लागलें, तर हा लाभ व्यर्थ जाईल.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे, कीं जेवण तासभर अलीकडे आणावें, निजण्यापूर्वीं मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावा, आणि हा नियम प्रथम स्वतः पाळावा. शिक्षकबंधूंनीं व भगिनींनीं गृहपाठ देतांना घड्याळाकडे पाहावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत एखादा सोबती स्थूल असेल तर त्याला ‘लठ्ठ्या’ म्हणून हांक मारूं नका. त्याच्या ताटांत काय पडतें तें तुम्हांस दिसतें. तो रात्रीं किती वाजतां निजतो, व कोणत्या कारणानें जागतो, तें दिसत नाहीं. ज्याचें कारण ठाऊक नाहीं त्याचा न्याय करूं नये, हीच शिकवण आपणांस प्रार्थनामंदिरांत मिळते.

परमेश्वरानें दिवस कामासाठीं दिला, तशी रात्र विसाव्यासाठीं दिली. परीक्षा जवळ आली म्हणजे रात्र कापून दिवस वाढविण्याचा मोह होतो. तो टाळावा, दिवा वेळेवर मालवावा, आणि सकाळीं ताज्या मनानें पुस्तक उघडावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.