पुतळीचे मोल

सोन्याचे मोल तोळ्यावर ठरते, अशी आपल्या घरांतून पक्की समजूत आहे. परंतु सोने नाण्याच्या रूपाने असले, म्हणजे हा हिशेब अपुरा पडतो.

राजारामपुरीतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात नुकतीच वाटणी झाली. दागिन्यांत पणजीच्या काळची पुतळ्यांची माळ होती. वाटेकरी तीन, तेव्हा ती गुजरीत नेऊन आटवावी, असे ठरत आले होते. आम्ही भिंगातून पाहिले. कित्येक पुतळ्यांवरील अक्षरे अर्थहीन. ती एतद्देशीय कारागिरांची अनुकरणे. दोहोंवर मात्र संत मार्कासमोर गुडघे टेकून ध्वज स्वीकारणारा व्हेनिसचा अधिपती आणि उलट बाजूस ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त स्पष्ट दिसला. सुमारे साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे हे डुकाट. ते पाडणारे प्रजासत्ताक १७९७ साली लयास गेले. नाणे मात्र व्यापाराच्या वाटेने आपल्या देवघरापर्यंत पोहोचले.

‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे धारण करणारा शिवछत्रपतींचा सुवर्णहोन आज किती दुर्मिळ आहे, हे सर्वश्रुत आहे. मुशीत गेलेली अक्षरे परत येत नाहीत.

अमेरिकेत १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जनतेजवळील सोन्याची नाणी सरकारजमा करविली. परंतु संग्राहकांना विशेष मोलाची वाटणारी दुर्मिळ नाणी त्यातून वगळली. त्याच वर्षी पाडलेले वीस डॉलरांचे एक नाणे २०२१ साली लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरांस गेले. त्यातील सोने अवघे अडीच तोळे! तेथील जुनी ‘प्रूफ’ नाणी तर आरशासारख्या घोटलेल्या ठशांनी, मुख्यतः भेटीसाठी व संग्राहकांसाठी पाडलेली. त्यांवर बोट उमटले तरी किंमत उतरते.

आपल्या पुतळीस तशी किंमत येणार नाही. डाक लावून कडी जोडलेली असल्याने तर नाहीच. तरीही ती घराण्याचा एक दस्तऐवज आहे. म्हणून नाणी चिंचेने वा राखेने घासू नयेत, कडेने धरावीत, आटविण्यापूर्वी जाणत्यास दाखवावीत, वजन व दोन्ही बाजूंचे छायाचित्र घरच्या वहीत नोंदवावे. वाटणीच्या वेळी एकाने नाणी ठेवावीत व इतरांस तेवढ्या मोलाचे सोने द्यावे. एवढे केल्याने कोणाचाही वाटा घटत नाही, हे गृहिणींनी व कर्त्या पुरुषांनी ध्यानी घ्यावे, ही आमची विनंती.