घर तिचं, भाडं कुणाचं?

पहिला पगार झाला की आईला साडी, भावाला घड्याळ आणि मग जमेल तसं लग्नासाठी सोनं! नोकरी करणाऱ्या मुलीच्या पैशाला आपल्या गावांत वर्षानुवर्षं हीच वाट ठरलेली. आता मात्र पंचविशीतल्या मुली वेगळंच बोलताना ऐकू येतात. ‘छोटासा फ्लॅट घेऊन ठेवते, भाड्यानं देईन.’ शाळेत, बँकेत, दवाखान्यात, एमआयडीसीत राबणाऱ्या या मुलींचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण मैत्रिणींनो, कौतुक करून थांबता येत नाही. दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात.

पहिली गोष्ट हिशेबाची. ‘भाड्यातच हप्ता सुटेल’ असं विकणारा सांगतो. एकदा कागदावर मांडून तर बघा! समजा, फ्लॅट २५ लाखांचा. ५ लाख साठवलेले, २० लाखांचं कर्ज. आठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता बसतो सुमारे १६,७०० रुपये. भाडं आलं सात हजार, तर वरचे ९,७०० पगारातूनच जाणार. शिवाय सोसायटीचा खर्च, घरपट्टी, रंगरंगोटी. मधेच घर रिकामं राहिलं तर पूर्ण हप्ता अंगावर! आयकरात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, हा तेवढाच दिलासा.

म्हणून घाई नको. आधी वर्षभर दरमहा दहा हजारांची आरडी चालवून बघा. न अडखळता चालली तर हप्ता झेपेल, आणि हाताशी सव्वा लाखाच्या आसपास रक्कमही जमेल. नाही चालली, तर घर दोन वर्षांनी घ्या. काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. २५ लाखांच्या घरामागे २५ हजार वाचतात. त्यामुळे घरातले पुरुषही ‘तिच्याच नावावर घेऊ’ म्हणतात. चांगलंच आहे! पण पुढे काय होतं? सही तिची, हप्ता तिच्या पगारातून, आणि भाडेकरू ठरवणार दादा, अनामत रक्कम घेणार बाबा. लग्न ठरलं की भाडं माहेरी राहणार की सासरी जाणार, यावर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बोलतात. जिचं घर, तिला कुणी विचारतच नाही.

‘घरच्यांवर अविश्वास दाखवायचा का?’ असं कुणी म्हणेल. मुळीच नाही. बाबांनी जागा बघावी, दादानं नळ दुरुस्त करून घ्यावा, त्यांची मदत हवीच. पण भाडेकरूबरोबरचा करार तिच्या सहीनं व्हावा आणि भाडं तिच्याच खात्यात जमा व्हावं. हा साधा व्यवहार आहे, त्यात रुसण्यासारखं काही नाही.

आणि करार तोंडी नको. ‘ओळखीचेच आहेत, कागद कशाला?’ हे वाक्य फार महागात पडतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर शिक्षा घरमालकालाच होऊ शकते. शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत! कागदावर मालकीण म्हणून नाव तुमचं आहे, तेव्हा उत्तरही तुम्हालाच द्यावं लागणार.

खरेदीखत, सूची क्रमांक दोन, कर्जाचे कागद, घरपट्टीच्या पावत्या, भाडेकरार हे सगळं एका फाइलमध्ये लावा आणि ती फाइल स्वतःच्या कपाटात ठेवा. लग्नाची बोलणी सुरू होतील, तेव्हा नोकरी आणि पगाराबरोबर या घराचंही सांगा. भाडं कुठे जमा होतं तेही सांगा, आणि ते तिथेच जमा होत राहील हेसुद्धा त्याच बैठकीत सांगून टाका.