तडजोडीचा कागद खाली जातो

न्यायालयीन मध्यस्थीत भाषा ‘स्वच्छ’ असावी, असे मत अलीकडे मोठ्या सभ्य स्वरात मांडले जाते. त्यामागचा युक्तिवाद असा: पक्षकार रागाने, आडवेतिडवे, गावच्या बोलीत बोलतात. मध्यस्थाने ते बोलणे संयत शब्दांत फिरवून समोर ठेवावे, आरोपाची अपेक्षा करून टाकावी आणि अखेरीस तडजोडीचा मसुदा इंग्रजीत करावा, कारण नेमकेपणा तिथेच सापडतो आणि उद्या प्रकरण वर गेले तर अडचण नको. म्हणजे पक्षकाराने भांडण घेऊन यावे, तोंड मात्र घरी ठेवून यावे!

शिवीगाळ गाळायला कोणाची हरकत नाही. पण या धुलाईत शिवीबरोबर काय वाहून जाते, ते पाहा. महाराष्ट्राने 1994 साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, 2005 साली तो देशभर लागू झाला, आणि हक्कसोडपत्रावरून भावाबहिणींचे दावे दिवाणी न्यायालयांना नवे राहिले नाहीत. समजा, अशा दाव्यातली बहीण म्हणते, “आबा दवाखान्यात होते तेव्हा हा तलाठ्याकडे चकरा मारत होता, अन् मला म्हणाला, सही कर, बँकेचं काम आहे.” प्रशिक्षित मध्यस्थ मान डोलावून सांगतो, “म्हणजे कुटुंबाच्या निर्णयांत आपल्याला विश्वासात घेतले जावे, अशी आपली अपेक्षा आहे.” साहेब बोलले म्हणून बाईही हो म्हणते. तिच्या एका वाक्यात वेळ होती, कचेरी होती आणि सही कोणत्या बहाण्याने घेतली तेही होते. साहेबांच्या वाक्यात फक्त सौजन्य उरले. ज्याच्या हाती कागद आहे त्याचे या सौजन्याने काही बिघडत नाही. जिच्याजवळ सांगण्यापलीकडे काही नाही, तिचे सांगणेच तेवढे जाते. याला तटस्थता म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

‘उद्या वर गेले तर’ हा मुद्दा मात्र सावकाश सोलण्याजोगा आहे, कारण तो कायद्याच्या जाणकारीचा आव आणून येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 89 सध्याच्या रूपात 2002 पासून अमलात आहे, आणि न्यायालयाने पाठवलेल्या मध्यस्थीतली तडजोड न्यायालयापुढे ठेवून तिच्याबरहुकूम हुकूमनामा घ्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले. हा हुकूमनामा संमतीचा असतो, आणि कलम 96(3) सांगते की संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. तडजोडच बेकायदेशीर होती म्हणून वेगळा दावा लावायची वाट आदेश 23 च्या नियम 3-अ ने बंद केली आहे. तक्रार असेल तर ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला, त्याच्याच दारात परत यायचे. मग हा कागद वर जातो कुठे? तो जातो खाली. तलाठी त्यावरून फेरफाराची नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. कोणी शब्द फिरवला तर दरखास्त लागते आणि बेलिफ बांधावर येतो. या सगळ्या वाटेवर सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, आणि 1998 पासून जिल्हा न्यायालयांची भाषाही मराठीच. उच्च न्यायालयाच्या सोयीसाठी लिहिलेला हा मसुदा तिथे पोचण्याचा संभव सर्वांत कमी, आणि ज्यांना तो रोज पाळायचा त्यांना तो वाचता येत नाही. निकाल समजला नाही तर निदान अपिलाची मुदत तरी असते. न समजता केलेल्या तडजोडीला तीही नाही.

नेमकेपणाचेही तसेच. समजा, विहिरीवरून दोन भावांचे भांडण आहे. तडजोडीच्या इंग्रजी मसुद्यात दोघांनाही तिचा ‘सामाईक वापर’ मिळतो आणि वकील समाधानाने फाइल मिटतात. त्याच भावांना बोलू दिले असते तर पाण्याची पाळी कोणत्या वारी बदलायची, मोटारीचे वीजबिल कोणी भरायचे, पाइपलाइन कोणत्या बांधाने न्यायची आणि उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की पहिला हक्क उसाचा की जनावरांचा, हे सगळे निघाले असते. मराठीला कायदा पेलत नाही, हा जुना सूर इथेही निघतोच. खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे पिढ्यान्‌पिढ्या मराठीत लिहिली गेली आणि त्यांवर जमिनी फिरल्या, याचा त्या सुरावर कधी परिणाम झालेला नाही. अर्थात ‘सदरहू मिळकतीतील उभयतांचे हितसंबंध’ छापाची मराठी लिहून इंग्रजीचा सूड घेण्यातही अर्थ नाही. तीही पक्षकाराला तितकीच परकी.

उरलेले आक्षेप किरकोळ आहेत. राग भडकेल? त्यासाठीच मध्यस्थाला दोघांना वेगवेगळे भेटता येते. एक पक्ष अमराठी असेल तर? 2023 चा मध्यस्थी कायदा पक्षकारांच्या संमतीने एकाहून अधिक भाषाही ठरवू देतो. मध्यस्थीतले बोलणे गोपनीय असते, मग भाषेची एवढी चिंता कशाला? बोलणे नोंदले जात नाही म्हणूनच कागदाची चिंता करायची.

करायचे ते फार नाही. मध्यस्थाने पक्षकाराचे म्हणणे पुन्हा मांडताना त्यातली नावे, वेळा आणि घटना जागच्या जागी ठेवाव्यात. विशेषणे गाळायला तो मोकळा आहे. तडजोडीची कलमे पक्षकार बोलतो त्या मराठीत लिहावीत, वकिलाला इंग्रजी प्रत जोडायची असल्यास जोडू द्यावी, पण वाद पडल्यास मराठी प्रत खरी धरावी, असे कलम त्यातच घालावे. आणि सहीआधी ‘वाचून दाखवले, समजले’ हा ठरीव शेरा मारण्याऐवजी पक्षकारालाच विचारावे, उद्या सकाळपासून तुम्ही काय करायचे ठरले? त्याला ते सांगता आले नाही, तर त्या दिवशी सही घेऊ नये. यात अर्धा तास जाईल. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात मध्यस्थीला 120 दिवसांची मुदत आहे.