पंखांवरील ओझें

रेडिओच्या लहरींनीं जमिनीवरून चालविण्याचीं लहान विमानें आतां खेळण्यांच्या दुकानापुरतीं राहिलेलीं नाहींत. हौशी विद्यार्थी थर्माकोलचे तक्ते कापून तीं घरींच बनवितात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत तर विमानांच्या प्रतिकृति करणें हा शिक्षणाचाच एक भाग आहे. मुलांच्या या नादास उत्तेजन देणाऱ्या पालकांची तक्रार मात्र बहुधा एकच असते : महिनाभर खपून केलेलें विमान पहिल्याच उड्डाणांत कोसळतें. मग वडील म्हणतात, ‘तें अधिक मजबूत कर.’ मुलगा पंखांवर चिकटपट्टीचे आणखी दोन थर देतो, मोठी बॅटरी बसवितो, आणि विमान पूर्वीपेक्षां अधिक जोरानें आदळतें. असें कां व्हावें, याचें उत्तर एका साध्या भागाकारांत आहे.

गुरुत्व हें पतनाचें कारण होय, हें वैशेषिकांनीं फार पूर्वीं सांगून ठेविलें आहे. विमानाचें तें गुरुत्व तोलून धरण्याचें काम पंखांचें. तेव्हां विमानाच्या एकूण वजनास पंखांच्या क्षेत्रफळानें भागावें. येणाऱ्या संख्येस आपण पंखभार म्हणूं. उदाहरणार्थ, पंखांची लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर व वजन ८०० ग्रॅम असल्यास क्षेत्रफळ २० चौरस डेसिमीटर झालें, आणि पंखभार दर चौरस डेसिमीटरास ४० ग्रॅम पडला.

हवेचा आधार वेगावर अवलंबून असतो. वेग दुप्पट केला तर पंखांस चौपट आधार मिळतो; उलट वेग एका मर्यादेखालीं गेला कीं आधार तुटून विमान नाक खालीं करून पडतें. ही किमान वेगाची मर्यादा पंखभाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढते. वरील विमानाची मर्यादा सांगलीच्या हवेंत ताशीं सुमारें २९ किलोमीटर येईल. त्यांत २०० ग्रॅमची भर घातली, म्हणजे वजन एक किलो झालें, तर ती ३२ वर जाते. तीन किलोमीटरांचा फरक तो काय, असें वाचकांस वाटेल. परंतु आदळतांना होणारा आघात वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरतो. वजन सव्वापट झालें, वेगाचा वर्गही सव्वापट झाला; म्हणजे आघात दीडपटीहून अधिक झाला. मजबुतीकरितां चढविलेलें वजनच मोडतोडीस कारण होतें तें असें. तोंडासमोर फिरणारा पंखा असलेली ही वस्तु बघ्यांच्या दिशेनें आली, तर प्रश्न केवळ थर्माकोलचा राहत नाहीं.

वळण घेतांना संकट आणखी वाढतें. विमान एका बाजूस कलून वळूं लागलें कीं पंखांवरील भार वाढतो. ४५ अंश कलल्यास किमान वेगाची मर्यादा सुमारें १९ टक्क्यांनीं वर जाते. ६० अंशांत भार दुप्पट आणि मर्यादा ४१ टक्क्यांनीं अधिक. सरळ रेषेंत निर्धास्त चाललेलें विमान उतरण्याकरितां वेग कमी करून वळलें कीं एकाएकीं पडतें, त्याचें रहस्य हेंच. जमिनीजवळ वळणें रुंद घ्यावींत.

स्थळाचाही यांत वांटा आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंच, तर पांचगणी सुमारें १३०० मीटर. तेथील हवा सांगलीपेक्षां अदमासें सात टक्के विरळ. म्हणून तेंच विमान तेथें सुमारें चार टक्के अधिक वेगानें उतरवावें लागतें. सांगलींतही वैशाखांतील दुपारच्या तप्त हवेचा परिणाम जवळजवळ तितकाच होतो. पांचगणीच्या परिसरांत जे पॅराग्लायडिंग चालतें, तेथें तर माणसाचाच भार कापडी पंखावर असतो, आणि प्रत्येक पंखाकरितां वजनाची खालची व वरची अशी दोन्ही टोकें ठरलेलीं असतात.

खालचें टोक कशास, असें कोणी विचारील. सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभारलेल्या नाहींत. ताशीं ३० किलोमीटरांचा वारा समोरून असतांना ३० च्याच वेगानें उडणारें हलकें विमान जागच्या जागीं तरंगत राहील. वारा किंचित् वाढला तर मागें मागें जाऊन दरींत दिसेनासें होईल. म्हणूनच डोंगरकडेवर इंजिनावांचून विमानें तरंगविणारे जाणते लोक जोराच्या वाऱ्यांत मुद्दाम शिशाचें वजन घालतात. अति लघुत्व हाही दोषच.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. लहानमोठ्या विमानांचे पंखभार एकमेकांशीं ताडून पाहूं नयेत. सर्व मापें दुप्पट केलीं तर क्षेत्रफळ चौपट, पण वजन आठपट होतें. म्हणून पंखभार आपोआप दुप्पट होतो. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचा पंखभार चालकासह दर चौरस डेसिमीटरास सुमारें ७० ग्रॅम होता. पूर्ण भरलेल्या जंबो जेटचा सात हजार ग्रॅमहून अधिक असतो. आपल्याच आकाराच्या विमानाशीं तुलना करावी.

भारताच्या २०२१ सालच्या ड्रोन नियमांतही दूरनियंत्रित विमानांचे वर्ग वजनावरूनच पाडलेले आहेत : २५० ग्रॅमपर्यंत, २ किलोपर्यंत, २५ किलोपर्यंत आणि पुढें. विमान कोणत्या वर्गांत पडतें व उडविण्याची जागा निषिद्ध क्षेत्रांत तर नाहीं ना, हें आधीं पाहावें. कऱ्हाडसारख्या विमानतळाच्या आसपास हा खेळ विनापरवाना करूं नये.

पालकांस आमची सूचना एवढीच, कीं ‘मजबूत कर’ म्हणण्यापूर्वीं स्वयंपाकघरांतील तराजू मुलास द्यावा. प्रत्येक भाग चिकटविण्यापूर्वीं त्यानें तो तोलून वहींत मांडावा, आणि शेवटीं भागाकार करून पाहावा. वजन अधिक भरलें तर काय काढतां येईल, याचा विचार आधीं करावा. अधिक शक्तीची मोटर घेण्याचा मागून. बापलेकांनीं मिळून केलेलें हें त्रैराशिक मैदानावरच्या निराशेपेक्षां पुष्कळ स्वस्त पडेल.