मिनिटं कळमनुरी स्टँडवरून मोजा

नांदेड ते हैदराबाद हवेतून अडीचशे किलोमीटरही नाही. तासाभरात विमान उतरतं. 27 एप्रिल 2017 ला 'उडान'चं हे विमान सुरू झालं, तेव्हा हवाई चप्पलवाला आता विमानात बसणार म्हणून आपणही टाळ्या पिटल्या. ते चालवणारी ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडली. मग 2024 ला दुसरी कंपनी आली अन् पुन्हा तोच तासाभराचा गवगवा!

अहो, आमचा तास कुठून धरता? आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर करत साठ-सत्तर किलोमीटर जायचं, वर तासभर आधी पोचायचं. हैदराबादेत उतरल्यावर शमशाबादहून शहर गाठायचं ते वेगळंच. पुढाऱ्यांनो, विमानाच्या वेळेला जोडून कळमनुरीहून आधी एक एसटी तरी सोडा.