टाळ्या हंगामी, मैदान बारमाही हवे

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते निवडणुकीच्या हंगामात. तेथील मारुतीच्या देवळात पवार कुटुंबीयांच्या प्रचाराचा नारळ फोडण्याची प्रथा अनेक वर्षांची आहे. त्या दिवशी गावाचे नाव वृत्तपत्रांत झळकते. हंगाम सरला की ते विसरले जाते. भारतीय हॉकीची अवस्था याहून निराळी नाही. २०२१ साली टोकियोत आणि २०२४ साली पॅरिसमध्ये पुरुष संघाने कांस्यपदक मिळवले आणि देशात हॉकीचा एक नवा चाहता जन्माला आला. त्याचा आनंद खरा होता. परंतु जानेवारी २०२४ मध्ये रांचीला जपानकडून हरून महिला संघ पॅरिसला मुकला, तेव्हा हा चाहता कोठे होता? दोन स्पर्धांच्या मधल्या काळात उद्याचे खेळाडू कोठे आणि कोणाच्या खर्चाने घडतात, हा प्रश्न त्याला पडला होता काय?

हा चाहता उन्हाळी सुटीतल्या एखाद्या पहाटे गावाकडच्या सरावाच्या मैदानावर जाऊन उभा राहिला, तर त्याला निराळाच खेळ दिसेल. तेथे गोल नाहीत, राष्ट्रगीत नाही, टाळ्या नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली एकच चेंडू शंभर वेळा अडवीत असतात. खडबडीत मुरमावरून तो उसळतो आणि स्टिकवरून निसटतो. तो पुन्हा आणावयाचा, पुन्हा अडवावयाचा. नीराकाठची काळी जमीन असेल तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल. म्हणजे खेळाडूचे वर्ष निम्म्याने घटले. या कंटाळवाण्या दिसणाऱ्या श्रमांतूनच पदक निर्माण होते. सामना हे त्या श्रमांचे केवळ प्रदर्शन होय.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर सामना हा उपभोग आणि सराव ही गुंतवणूक. आपल्या समाजात ही गुंतवणूक कोण करतो? दूध, बूट, स्टिक, एसटीचे भाडे आणि शेतात कमी झालेले दोन हात, हा सारा खर्च शेतकऱ्याचे अथवा मजुराचे कुटुंब सोसते. दहा वर्षांनंतर शंभरांतील एखादी मुलगी यशस्वी झाली की सरकार लाखांची बक्षिसे जाहीर करते आणि तिच्या शेजारी उभे राहून मंत्री छायाचित्र काढून घेतात. उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय झाले, हे विचारण्याची रीत नाही. जोखीम गरिबाची आणि श्रेय सत्तेचे, असा हा व्यवहार आहे. याला क्रीडाधोरण म्हणणे ही लोकांची फसवणूक आहे. ही तर निव्वळ सोडत झाली.

बाजारपेठेचे भाट म्हणतील की, लीग आली, आता पैसा आला. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाखांची बोली लागली, हे खरे. कष्टाने घडलेल्या खेळाडूला मोबदला मिळाला, याचे दुःख कोणी करू नये. परंतु लिलाव होतो तो तयार खेळाडूचा. साखरपट्ट्यातील वाचकाला हे उदाहरण सहज पटेल: तोडीला आलेला ऊस न्यावयास सारे तयार असतात, लागणीचा खर्च मात्र दुसऱ्याने करावयाचा असतो. आडसाली उसाला दीड वर्ष लागते, खेळाडूला दहा. एवढी वाट पाहण्याची सवय नफ्याला नाही.

मग लागण केली कोणी? उत्तर कन्हेरीपासून दूर नाही. नीरा ओलांडली की फलटण तालुका लागतो. तेथील आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे या दोघी भारताच्या महिला संघातून खेळल्या. त्यांना घडविण्यात पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीचा, म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या निवासी संस्थेचा, वाटा आहे. चार ऑलिंपिक स्पर्धा खेळलेला धनराज पिल्ले वाढला तो खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत, मोडक्या स्टिकनी खेळत. तिकडे ओडिशा सरकारने २०१८ पासून राष्ट्रीय संघांचा भार उचलला, आणि झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातील बडकीछापर या खेड्यात बांबूच्या स्टिकने खेळलेली सलीमा टेटे २०२४ मध्ये भारताची कर्णधार झाली. जेथे जेथे सार्वजनिक मैदान, सार्वजनिक वसतिगृह आणि सार्वजनिक पैसा होता, तेथे गरिबाच्या गुणाला वाट मिळाली.

ही वाट अरुंद कशी झाली, तेही पाहिले पाहिजे. १९७५ साली क्वालालंपूरला भारताने विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. या घसरगुंडीला इतरही कारणे होती. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे: स्टिक, चेंडू आणि सपाट जमीन एवढ्यावर चालणारा खेळ भांडवलाचा खेळ झाला. मातीवर शिकलेल्या मुलीला कृत्रिम मैदानावर चेंडू अडविणे नव्याने शिकावे लागते, आणि हे दुसरे शिक्षण ज्या शहरात मिळते त्या शहराचे भाडे तिच्या बापाला परवडत नाही.

यावर काही सहृदय मंडळीही आक्षेप घेतात. जिरायती गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो, तेथे कृत्रिम मैदानावर पाणी कसले मारता? आक्षेप रास्त आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. गावोगाव कृत्रिम मैदान कोणी मागत नाही. गावाला सपाट केलेले, पाण्याचा निचरा होणारे मुरमाचे मैदान हवे. दोन-तीन तालुक्यांत मिळून एक कृत्रिम मैदान हवे, आणि तेही कमी पाण्यावर चालणारे. दुसरा आक्षेप असा की, ही माती कुस्ती-कबड्डीची, येथे हॉकी कशाला? आसू आणि वाखरी यांनी त्याचे उत्तर दिले आहे. गुण मातीत नसतो, संधीत असतो.

क्रीडा हा विषय राज्यघटनेने राज्यसूचीत घातला आहे. जबाबदारी मुंबईची आहे, दिल्लीकडे बोट दाखवून ती टळत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे. तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात हिशेब मागावा: किती शाळांना खरोखर मैदान आहे, त्यांतले किती वापरण्याजोगे आहे, आणि सरावाला येणाऱ्या मुलांना वर्षाचे बाराही महिने मार्गदर्शक व पोषक आहार मिळतो काय? ऊसतोड मजुरांची मुले गळिताच्या हंगामात कोणत्या मैदानावर खेळतात, हेही त्याच कागदावर मांडावे.

हॉकीच्या नव्या चाहत्याला हसण्याचे कारण नाही. तो या लढ्यातील संभाव्य सोबती आहे. सरावाच्या मैदानावर एक उन्हाळा काढलेला चाहता पुढे केवळ टाळ्या वाजविणार नाही, ग्रामसभेत उभा राहून मैदानाची जमीन कोठे गेली ते विचारील. प्रचाराचा नारळ फोडावयास येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या पुढाऱ्यालाही हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि तो निवडणूक नसलेल्या वर्षीही विचारला गेला पाहिजे.